लंडन–पॅरिस विमानाने: जाताना दोन तास वीस मिनिटं, येताना वीसच मिनिटं?

वाटसरू_चिंचवड
मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन लंडनला बहिणीकडे जातोय. मधे चार दिवस पॅरिस करून परत लंडनला यायचं आणि तिथूनच मुंबई, असा बेत आहे. काल रात्री तिकिटं बघत बसलो होतो. लंडनहून सकाळी 10 ला निघणारं विमान पॅरिसला 12.20 ला पोचतं. परतीचं मात्र दुपारी 1 ला निघून 1.20 ला लंडनला! बाबा म्हणाले, "मग जातानाही परतीच्याच विमानाने जाऊ."

तर प्रश्न असे:
खरं अंतर किती आणि खरा वेळ किती? शिवाय आई-बाबा सत्तरीच्या आसपास, बाबांचे गुडघे कुरकुरतात. विमान बरं की ती समुद्राखालून जाणारी ट्रेन? अनुभवी लोकांनी प्रकाश टाकावा.

शंकासुर
येताना उतार असतो.

गणिती_मावशी
बाबांना माझा नमस्कार सांगा, मुद्दा बिनतोड आहे त्यांचा.

पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापतात. म्हणून जाताना एक तास वजा करायचा, येताना एक तास मिळवायचा. दोन्हीकडे उत्तर एक तास वीस मिनिटं. उन्हाळी वेळेसाठी दोन्ही देश मार्चच्या शेवटच्या रविवारी एकदमच काटे हलवतात, त्यामुळे हा एक तासाचा फरक बारा महिने तसाच राहतो.

वाटसरू_चिंचवड
मावशी, धन्यवाद! बाबांना समजावलं. आता त्यांचा पुढचा प्रश्न: नकाशावर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर दिसतात. विमान ताशी आठशेने उडतं ना? मग अर्ध्या तासात पोचायला हवं. उरलेला वेळ पायलट काय करतो?

हवाबाण
बाबांना इकडेच आयडी काढून द्या, धागा शंभरी गाठेल.

शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत सरळ रेषेत साधारण 344 किमी. हीथ्रो ते शार्ल द गोल (पॅरिसचा मोठा विमानतळ, फ्रेंच लोक त्याला रोआसी म्हणतात) धरलं तरी साडेतीनशेच्या आतबाहेर. पण ही झाली पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलेली रेषा. विमान तसं उडत नाही. धावपट्टी ज्या दिशेला असेल त्या दिशेने उठायचं, ठरलेल्या वाटेने वळायचं, उतरताना पुन्हा वळसा घालून रांगेत लागायचं. छोट्या पल्ल्यात हे वळसेच डोळ्यांत भरतात. शिवाय ताशी आठशेचा वेग वर स्थिरावल्यावरचा. इथे वर चढणं संपतं न संपतं तोच खाली उतरणं सुरू. चहाची गाडी मधल्या रांगेपर्यंत पोचली तर नशीब.

दुसरी गोष्ट, तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे गेटला लागून थांबलं की बंद. शार्ल द गोलला चार धावपट्ट्या आहेत. लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर विमान जमिनीवर इतका वेळ चालतं की वाटतं, आता रस्त्यानेच पॅरिसात सोडणार. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आणि गर्दी म्हणाल तर गणपतीतल्या लक्ष्मी रोडइतकी. त्यामुळे उतरणारी विमानं आधी आकाशात ठरलेल्या चार जागी गोल-गोल फिरवत ठेवतात: बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन हिल. खालची चक्कर मोकळी झाली की वरचं एक पायरी खाली. हा सगळा खोळंबा गृहीत धरूनच कंपन्या वेळापत्रकात मिनिटं वाढवून ठेवतात, म्हणजे उशीर होऊनही 'वेळेवर पोचलो' म्हणता येतं.

हवेत प्रत्यक्षात पाऊण तास ते पंचावन्न मिनिटं. बाकी सगळं जमिनीवर.

शंकासुर
म्हणजे माझं उताराचं उत्तर चुकीचं? निषेध.

वेणू_वणीकर
वाटसरू, तुम्ही चुकीचं घड्याळ बघताय असं मला वाटतं. विमान किती वेळ उडतं याला शून्य महत्त्व. घराचं दार ओढून घेतल्यापासून हॉटेलात पाय पसरेपर्यंत किती वेळ, ते मोजा.

विमान: घर ते विमानतळ एक तास. तिथे दोन तास आधी. दहा जास्तीची मिनिटं धरून उड्डाण दीड तास. मग पारपत्राची रांग, सामान, आणि रोआसीहून शहरात आरईआर-बी नावाच्या लोकलने अर्धा-पाऊण तास. विमानतळ शहरापासून 25 किमीवर आहे. झाले सहा तास.

ट्रेन: लंडनच्या सेंट पँक्रसहून पॅरिसच्या गार द्यू नॉरला दोन तास वीस मिनिटांच्या आसपास. सव्वा ते दीड तास आधी जायचं. उतरलात की तुम्ही पॅरिसातच आहात. माझ्या सासऱ्यांना नेलं होतं, तेही गुडघ्यांचेच रुग्ण. विमानतळावरचे ते मैलभर लांब मार्गिका-जिने वाचले याचंच त्यांना अप्रूप. एकच सांगते, ट्रेनमध्ये चढताना पायरी आहे आणि बॅग आपली आपणच उचलायची असते. हमाल-बिमाल विसरा.

स्लौवाला_सदा
वेणूताई, हा हिशेब मध्य लंडनवाल्यांचा. आम्ही स्लौकर. हीथ्रो आमच्या परसात. टॅक्सीत बसलो की पंधरा-वीस मिनिटांत आत. याउलट सेंट पँक्रसला जायचं तर एलिझाबेथ लाईन, मग बदल, मग जिने. माझ्यासाठी विमानच. आणि विमानतळावर व्हीलचेअरची मदत आधी सांगितली की फुकट मिळते, रांगाही टळतात. गुडघेवाल्यांना हे सोन्याहून पिवळं.

वेणू_वणीकर
सदाभाऊ, मदत स्टेशनवरही मिळते हो, आधी कळवलं की. पण स्लौचा मुद्दा मान्य. तुम्ही हीथ्रोच्या सावलीत राहून ट्रेनने जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

चक्रमादित्य
तिकिटावर 'पॅरिस' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, कुठला विमानतळ ते बघा. स्वस्त कंपन्या बोव्हेलासुद्धा पॅरिस म्हणतात. ते शहरापासून ऐंशी किलोमीटरच्या वर. लोणावळ्याला उतरवायचं आणि "या, मुंबई आली" म्हणायचं त्यातला प्रकार. लंडनचंही तसंच: हीथ्रो, गॅटविक, ल्यूटन, स्टॅनस्टेड, सगळ्यांच्या पाटीवर लंडन. पॅरिसचं ओर्ली मात्र चांगलं, शहराला जवळ, आणि 2024 पासून मेट्रोची 14 नंबरची लाईन थेट आतपर्यंत जाते.

जुनापुराणा
मूळ प्रश्न सुटला आहेच, तर थोडं अवांतर.

बाबांच्या शंकेत खरी गंमत पुढेच आहे. पॅरिस ग्रिनिचच्या (लंडनमधली जागा, जिथून शून्य रेखांश आणि जगाची वेळ मोजतात) पूर्वेला जेमतेम सव्वादोन अंशांवर आहे. सूर्याच्या हिशेबाने दोन्ही शहरांत फरक नऊ मिनिटं एकवीस सेकंद. मग घड्याळात अख्खा तास आला कुठून?

फ्रान्सने ग्रिनिच मानायला खूप वर्षं खळखळ केली. शेवटी 1911 मध्ये कायदा केला, पण त्यात ग्रिनिचचं नाव घातलंच नाही. 'पॅरिसची सरासरी वेळ, नऊ मिनिटं एकवीस सेकंदांनी मागे' अशी कायदेशीर वेळ ठरवली. म्हणजे झालं ग्रिनिचच, पण नाक वर ठेवून. त्यानंतर जवळपास तीस वर्षं हिवाळ्यात लंडन आणि पॅरिसची घड्याळं सारखीच होती. 1940 मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतलं आणि बर्लिनची वेळ लावली. युद्ध संपलं, जर्मन गेले, वेळ राहिली. आज तुमच्या तिकिटावर जो एक तास दिसतो तो तिथला.

आणखी एक. 1968 ते 1971 ब्रिटनने प्रयोग म्हणून बारा महिने घड्याळ एक तास पुढे ठेवलं होतं. फ्रान्समध्ये तेव्हा उन्हाळी वेळ नव्हती, ती 1976 मध्ये आली. त्यामुळे त्या तीन वर्षांत लंडन–पॅरिसच्या तिकिटावर जाण्यायेण्याचा वेळ सारखाच दिसत असणार. लोकांना सकाळचा अंधार सोसवेना म्हणून प्रयोग गुंडाळला.

गणिती_मावशी
जुनापुराणा, दंडवत! 'नाक वर ठेवून' भारीच.

हवाबाण
अवांतराला अवांतर. लंडन–पॅरिस हा साधासुधा मार्ग नाही. 25 ऑगस्ट 1919 ला याच वाटेवर रोजची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली, पहिल्या महायुद्धातली विमानं प्रवासी बसवण्यासाठी बदलून. उड्डाण हाउन्सलो हीथवरून, म्हणजे आजच्या हीथ्रोच्या शेजारूनच, आणि उतरायचं पॅरिसजवळच्या ल बुर्जेला. पहिल्या खेपेला एक प्रवासी आणि बाकी माल: वर्तमानपत्रं, कातडं, मारलेले ग्राउझ पक्षी आणि डेव्हनशायरच्या दाट सायीच्या बरण्या. वेळ लागला अडीच तास. म्हणजे तेव्हाच्या विमानापेक्षा आजची ट्रेन थोडी लवकर पोचते!

तेव्हा दिशा दाखवणारी यंत्रं नव्हती. पायलट खाली रस्ता आणि रुळ बघत उडायचे. एप्रिल 1922 मध्ये पिकार्डी भागात धुक्यात याच मार्गावरची दोन विमानं, एक पॅरिसकडून येणारं, एक लंडनकडून जाणारं, समोरासमोर धडकली. दोघंही खालचा एकच रस्ता धरून चालले होते. सात माणसं गेली. प्रवासी विमानांची आकाशातली ती पहिली टक्कर. आकाशातही बाजू सांभाळायचा नियम हवा, ही चर्चा त्यानंतर जोरात सुरू झाली.

सह्यकडा
आणि त्याच्याही आधी, 25 जुलै 1909, लुई ब्लेरियो कॅलेहून डोव्हरला विमानाने पहिल्यांदा इंग्लिश खाडी ओलांडून गेला, साधारण 37 मिनिटांत. या ब्लेरियोचं फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्दलोला घर होतं आणि शेजारी सुट्टीला यायचं टाटा कुटुंब. पॅरिसात जन्मलेल्या जेआरडींना विमानाचं वेड लागलं ते तिथे. पुढे 1932 मध्ये कराचीहून टपाल घेऊन ते स्वतः जुहूला उतरले.

दिवाभीत
मराठी माणसाने लंडन–पॅरिस म्हटलं आणि सावरकर आठवले नाहीत असं कसं? पॅरिसहून परतताना 13 मार्च 1910 ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली. तेव्हा पॅरिसची गाडी म्हणजे किनाऱ्यापर्यंत रेल्वे, मग बोट, मग पुन्हा रेल्वे, आणि लंडनचं टोक व्हिक्टोरिया. पॅरिसात मादाम कामा होत्या. आता सेंट पँक्रसला उतरताना व्हिक्टोरिया वाटेत लागत नाही, पण आई-बाबांना रस असेल तर वाकडी वाट करून दाखवा.

शंकासुर
आता इथून पुढे धागा कुठे जातो हे मला माहीत आहे. पॉपकॉर्न आणतो.

दिवाभीत
जाणार नाही. मी स्टेशनापुरतंच बोललो.

चक्रमादित्य
स्टेशनावरूनच आठवलं. 1994 ला खाडीखालचा बोगदा सुरू झाला तेव्हा ट्रेन लंडनच्या वॉटर्लू स्टेशनला यायची. नेपोलियन जिथे हरला त्या गावाच्या नावाचं स्टेशन! 2007 च्या नोव्हेंबरात नवा वेगवान मार्ग पूर्ण झाल्यावर सेंट पँक्रसला हलवली, तोवर फ्रेंच प्रवासी तेरा वर्षं वॉटर्लूलाच उतरत होते. इंग्रजांचा खवचटपणा आवडला आपल्याला.

वाटसरू_चिंचवड
बापरे, काय काय माहिती! बाबा सगळं मोठ्याने वाचून दाखवतायत. आईचा प्रश्न: बोगद्यात भीती वाटते का? बाहेर मासे दिसतात का?

वेणू_वणीकर
काकूंना सांगा, मासे सोडाच, पाणीही दिसत नाही. बोगदा समुद्राच्या तळाखालच्या खडकातून खोदलाय. लांबी साडेपन्नास किमी, त्यातले अडतीसच्या आसपास समुद्राखाली. ट्रेन बाहेर तीनशेने धावते, बोगद्यात 160 वर येते. वीस मिनिटं खिडकीत काळोख आणि स्वतःचं तोंड. कानांना थोडे दडे बसल्यासारखं होतं, इतकंच. काकूंनी डबा उघडला तर निम्मा बोगदा तिथेच संपतो.

खवय्यी
डब्याचा विषय निघाला म्हणून आले. ट्रेनला शंभर मिलीलीटरची भानगड नाही. पाण्याची बाटली, लोणच्याची बरणी, चालतं. विमानात हातातल्या बॅगेत लोणचं नेऊन दाखवा.

पण! ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिकडून फ्रान्सला जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. ट्रेन असो की विमान. म्हणजे बहिणीने प्रेमाने दिलेलं साजूक तूप, पनीर, खवा, पेढे घरीच ठेवा. उलट बाजूनेही 2025 च्या एप्रिलपासून बंदी आली, त्यामुळे पॅरिसचं चीज लंडनला आणायचा बेत असेल तर तिथेच खाऊन घ्या. चकल्या, चिवडा, मेथीचे ठेपले बिनधास्त.

हवाबाण
म्हणजे 1919 ला डेव्हनशायरची साय विमानात बसून सुखरूप पॅरिसला गेली आणि आज काकूंचं तूप अडणार. प्रगती म्हणतात ती हीच.

अ_निकेत
तुपापेक्षा व्हिसाकडे लक्ष द्या राव. कुणी बोललंच नाही अजून. भारतीय पारपत्रावर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि फ्रान्ससाठी शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) वेगळा. एकावर दुसरीकडे जाता येत नाही. तुमच्या बेतात शेंगेनमध्ये एकदाच शिरायचंय, तेव्हा एकवेळच्या व्हिसावर भागेल. पण पॅरिस, मग लंडन, मग पुन्हा रोमबिम असं कुणी ठरवत असेल तर अनेकवेळचाच लागेल.

ट्रेनचा एक फायदा: फ्रान्सची तपासणी लंडनच्या स्टेशनवरच होते. फ्रेंच पोलीस सेंट पँक्रसलाच बसतात, तसे ब्रिटिश अधिकारी गार द्यू नॉरला. पॅरिसला उतरलं की सरळ बाहेर. ऑक्टोबर 2025 पासून युरोपने शिक्क्यांऐवजी संगणकी नोंद सुरू केली आहे, त्यामुळे रांगेचा अंदाज बांधणं अवघड. कंपनी सांगेल त्या वेळेच्या आधी हजर राहा. सुटायच्या अर्धा तास आधी फाटक बंद होतं.

सह्यकडा
पॅरिसहूनच मुंबईला परतलात तर? जाताना लंडन, येताना पॅरिस असं तिकीट काढायचं. खाडी एकदाच ओलांडावी लागेल आणि अर्धा दिवस वाचेल.

वाटसरू_चिंचवड
सह्यकडा, सुचलं होतं. पण मोठ्या बॅगा आणि आईचं मन, दोन्ही बहिणीकडे राहणार. परत यावंच लागेल.

कोर्टाची_पायरी
अंतरावर वाद चाललाय म्हणून एक कामाचं. विमानाला उशीर झाला तर भरपाई ठरवताना हीच सरळ रेषा मोजतात, विमानाने घातलेले वळसे नाही. दीड हजार किमीच्या आतली उड्डाणं सगळ्यात खालच्या टप्प्यात. ब्रिटनच्या नियमाने 220 पाउंड, युरोपच्या नियमाने 250 युरो, आणि तेही पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला व दोष कंपनीचा असेल तर. वादळ-धुकं असेल तर विसरा. आमच्या एका उड्डाणाला असा उशीर झाला होता. अर्ज केला, दोन नकारपत्रं आली, तिसऱ्या पत्रात नियमाचं कलम लिहिलं, पैसे आले. चिकाटी ठेवा.

हिरवाई
पॅरिसला जायला ट्रेन असताना विमान कशाला, असं कुणीच म्हणेना? फ्रान्सने 2023 पासून देशातली काही छोटी उड्डाणं बंदच केली, जिथे ट्रेन अडीच तासांत पोचवते तिथली. ओर्लीहून लियॉ, नाँत, बोर्दो.

स्लौवाला_सदा
हिरवाई, ती देशांतर्गत फक्त, आणि तीनच मार्ग. पॅरिसहून पुढचं विमान पकडणाऱ्यांना तर शार्ल द गोलवरून सवलत. लंडनचं विमान चालूच आहे आणि त्यात बसणारे बरेचसे पॅरिसला जातच नसतात, तिथून पुढे आफ्रिका-अमेरिका गाठतात. त्यांना शहरातलं स्टेशन काय कामाचं?

हिरवाई
मुद्दा बरोबर, पण वाटसरूंचे बाबा आफ्रिकेला निघालेले नाहीत.

नवीन_सदस्य_सोलापूर
बस कुणी सांगितली नाही. विद्यार्थी असताना रात्रीच्या बसने गेलो. व्हिक्टोरियाहून निघते, पॅरिसला बेर्सीला सोडते, आठ-नऊ तास. मध्यरात्री सीमेवर उठवून सगळ्यांना खाली उतरवतात. पैसे वाचतात, मान जाते.

गणिती_मावशी
बसने सत्तरीच्या माणसांना? सोलापूरकर, इनो घ्या.

वाटसरू, इतकी सगळी आकडेमोड झाली पण एक विचारायचं राहिलंच. बहीण लंडनात नक्की राहते कुठे? आणि पॅरिसला कुठे उतरणार?

वाटसरू_चिंचवड
बहीण हॅरोला. पॅरिसला हॉटेल गार द लेस्टच्या जवळ बघतोय.

स्लौवाला_सदा
अरे देवा. हॅरो! हे आधी सांगायचं ना. मी शस्त्रं खाली ठेवतो. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाईन थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला, कुठे बदलायचं नाही. अर्ध्या तासाच्या आत. आणि पॅरिसला गार द लेस्ट हे गार द्यू नॉरपासून चालत दहा मिनिटांवर. तुमच्यासाठी ट्रेनच.

वेणू_वणीकर
सदाभाऊ, चहा माझ्याकडून. :)
वाटसरू, त्या दहा मिनिटांत थोडा चढ-उतार आणि पायऱ्या आहेत, बॅगा असल्या तर टॅक्सी करा. स्टेशनबाहेरची अधिकृत रांग धरा, आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" विचारणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. खिसेकापूही गार द्यू नॉरला भरपूर, बाबांचं पाकीट पुढच्या खिशात. आणि तिकीट लवकर काढा. ट्रेनचं भाडंही विमानासारखंच वाढत जातं, शेवटच्या आठवड्यात डोळे पांढरे होतील.

वाटसरू_चिंचवड
काढली! जाणं-येणं दोन्ही ट्रेनने, मंगळवार ते शनिवार. मदतीची नोंदणी उद्या करतो. माणशी दोन बॅगा चालतात म्हणतात, वजनाची अट नाही, लांबी 85 सेंमीपर्यंत. आईने हे वाचल्यापासून तिसरी बॅग काढली आहे.

शंकासुर
ती उचलणार कोण ते ठरलं का?